अडीनडीला घर कसे तयार ठेवावे

(वर्षावासातील रविवारच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



समितीची मंडळी घरी आली तेव्हा म्हणाली, "ताई, तुम्ही छत्तीस वर्षे नर्सची नोकरी केली, तर आमच्या लोकांना प्रथमोपचार सांगा." मी हो म्हटलं. पण घरी बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की प्रथमोपचार अर्ध्या तासात सांगून होतो. माणसाचं संकट मात्र अर्ध्या तासात संपत नाही. पेशंट दवाखान्यात आला की पुढचं आम्ही बघायचो, पण त्याच्या घरात मागे काय गोंधळ चाललाय ते आम्हाला दिसायचं नाही. ते मला दिसलं ते माझ्याच घरात. म्हणून आज मी भाषण कमी करणार आहे आणि घरातल्या गोष्टी जास्त सांगणार आहे.

सुरुवात माझ्या मायपासून करते. साल १९७८. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि त्यानंतर मराठवाड्यात काय पेटलं ते इथल्या वडीलधाऱ्यांना मी सांगायला नको. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यातच गेले. मी तेव्हा चौदा वर्षांची. आमचं गाव परभणी जिल्ह्यात. आमच्या वस्तीवर अजून काही झालेलं नव्हतं, पण शेजारच्या गावांहून रोज एक बातमी यायची. एका संध्याकाळी माय लुगड्याच्या जुन्या धडप्यात गाठोडं बांधायला बसली. बाप म्हणाला, "काहून घाबरतीस? आपल्या गावचे लोक तसे नाहीत." माय म्हणाली, "नसू द्या. बांधून ठेवायला काय पैसे पडतेत?"

त्या गाठोड्यात काय होतं ते मला अजून पाठ आहे. दोन दिवसांचं पीठ, मीठ-मिरची, आगपेटी, धाकट्या भावाचं अंगडं, बाबासाहेबांचा लहानसा फोटो. आणि खताच्या पोत्याच्या आतलं जे प्लास्टिक असतं ना, त्यात गुंडाळलेले थोरल्या भावाचे कागद. तो त्याच वर्षी दहावी पास झाला होता. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रक. तिसऱ्या रात्री आरडाओरड झाली. मायने गाठोडं काखेत मारलं, धाकट्याला कडेवर घेतलं आणि आम्ही ओढ्याकडे पळालो. दोन रात्री शिंदीच्या झाडांत काढल्या. घर गेलं, पत्रे गेले, दोन शेळ्या गेल्या. कागद राहिले.

आता माझी माय शाळेत गेलेली नाही. अंगठा उठवायची. पण कोणता कागद कशाचा हे ती शिक्क्यावरून आणि कागदाच्या रंगावरून ओळखायची. आम्ही या शहरात आलो. भावाचं एक वर्ष वाया गेलं, पण पुढच्या वर्षी तेच कागद घेऊन तो नागसेनवनात मिलिंदला गेला. आमच्या शेजारचा मुलगा अभ्यासात त्याच्यापेक्षा हुशार होता. त्याचे कागद जळाले. शाळेत दुसरी प्रत मागायला गावात परत जायला पाहिजे होतं, आणि गावात जायची सोय राहिली नव्हती. एक वर्ष गेलं, दोन गेली, मग तो बांधकामावर लागला. आयुष्यभर बांधकामावरच राहिला. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला, त्या दिवशी तो मला कमानीजवळ भेटला. हातात निळा झेंडा होता, खुशीत होता. त्या गर्दीत मला मात्र त्याच्या दाखल्याची आठवण झाली.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा येऊन गाढ झोपलेले. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा सरकारी नोकरीत होते. आमच्या पथकाबरोबर मला तिकडे पाठवलं. वरून पाऊस, खाली चिखल.

तिथे एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात येत होती. माणसं मेली ती मोठ्या घरांत जास्त. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती, वर माळवद. माळवदावर दरवर्षी माती टाकत जायची, म्हणजे पाऊस गळत नाही. अशी वर्षानुवर्षांची माती झोपलेल्या माणसाच्या अंगावर आली. गवताच्या आणि पत्र्याच्या घरांत जीव वाचले. ज्या घराचा गावात मान होता तेच घर अंगावर पडलं. मी हे कोणाला हिणवायला सांगत नाही. आता आपली घरंही माळवदासारखी व्हायला लागली आहेत म्हणून सांगते. खाली चार इंची भिंत, त्यावर मुलाच्या लग्नात चढवलेला मजला, त्यावर हजार लिटरची टाकी. हजार लिटर पाणी म्हणजे दहा क्विंटल वजन. मजला चढवण्यापूर्वी एकदा इंजिनिअरला पायथा दाखवा, त्याची फी टाकीच्या किमतीपेक्षा जास्त होणार नाही. आणि भांड्यांची मांडणी किंवा लोखंडी कपाट भिंतीला पक्कं केल्याशिवाय त्याच्या खाली लेकरू झोपवू नका.

किल्लारीचं पुढचं ऐका. बावन्न गावं नव्या जागी वसवली. नवी घरं तीन मापांची होती, अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. कोणाला कोणतं, हे ठरलं जमिनीवरून. भूमिहीनाला आणि थोड्या जमिनीवाल्याला अडीचशेचं, मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशेचं. हे बरोबर होतं का, हा वेगळा विषय आहे. मला विचाराल तर नव्हतं. घरात माणसं किती हे बघायला पाहिजे होतं. पण सांगायचा मुद्दा असा की भूकंपानंतर सगळे जमिनीवर एका रांगेत झोपलेले असताना सुद्धा कोणाच्या वाट्याला काय येणार हे कागदाने ठरवलं. आपल्या माणसाकडे जमीन नव्हती हे खरंच, पण ज्याच्याकडे होती आणि नावावर नव्हती, त्याचंही काही चाललं नाही.

आता तिसरी गोष्ट. ही सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण मी ठरवून आले आहे.

२०१७ सालची. रात्री दोनच्या सुमारास आमचे मिस्टर उठले आणि काहीतरी बोलले. शब्द नीट येईना. मी दिवा लावला, तर तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात उचलता येईना. मी नर्स, मला एका सेकंदात कळलं. लकव्याचा झटका म्हणजे घड्याळाशी शर्यत. रक्ताची गाठ असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मी १०८ ला फोन केला. गाडी लवकर निघाली, आणि आपल्या विहाराच्या कमानीपाशी येऊन चुकली. आपल्या गल्ल्यांना पाट्या नाहीत. ड्रायव्हर फोनवर विचारतो, मी सांगते किराणा दुकानाच्या मागे, तर किराणा दुकानं तीन. शेवटी मुलगा चौकात पळत गेला. गाडी गल्लीत शिरेना, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली आणि पाण्याचे ड्रम. मग शेजारच्या काकांनी आणि दोन पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेलं. त्या काकांचं ऋण मी विसरणार नाही. पण अर्धा तास गेला तो गेलाच. तिसऱ्या दिवशी ते गेले. अर्ध्या तासाने वाचले असते का, हे कोणी सांगू शकत नाही आणि मी आता स्वतःला विचारणंही सोडलं आहे.

पुढचं सांगायचं ते हे की माझ्या घरातले कागद मला माहीत नव्हते. अडाणी मायला तिच्या घरातला एकेक कागद माहीत होता, आणि शिकलेल्या लेकीला नाही. सगळे व्यवहार हे बघायचे. मी म्हणायची, तुम्हाला कळतंय ना, मग झालं. पासबुक कुठे, ठेवीची पावती कुठे, काही पत्ता नाही. त्यांच्या मोबाईलला लॉक. त्यांच्या ऑफिसातल्या मित्रांचे नंबर त्यात, कोणाला कळवायचं तर कळवता येईना. पूर्वी टेलिफोनच्या शेजारी डायरी असायची, मोबाईल आला आणि डायरी गेली. एका बँकेत त्यांची ठेव होती. तिथे गेल्यावर कळलं की वारस म्हणून नाव लावलंय ते माझ्या सासूबाईंचं. ठेव आमच्या लग्नाआधीच्या खात्यातून पुढे पुढे चालू राहिलेली, नाव बदलायचं राहून गेलं. सासूबाई १९९९ सालीच वारल्या. मग कोर्टाचं वारस प्रमाणपत्र आणा म्हणाले. वकील, तारखा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. चौदा महिने. मला पगार होता म्हणून निभावलं. नोकरी नसलेल्या बाईने ते चौदा महिने कसे काढायचे?

म्हणून माझी पहिली विनंती अशी की आज घरी गेल्यावर सगळी पासबुकं बाहेर काढा आणि नामनिर्देशन, ज्याला आपण नॉमिनी म्हणतो, ते कोणाचं आहे ते बघा. बहुतेक पासबुकांत नुसतं 'नोंदणी आहे' एवढंच छापलेलं असतं, नाव बँकेत विचारावं लागतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात, कोणाला किती वाटा तेही लिहिता येतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात ठेवा. तो पैसे ताब्यात घेतो, हक्क कायद्याच्या वारसांचा असतो. पासबुकात आणखी एक बघा. वर्षातून एकदा ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसतात का? ४३६ रुपये म्हणजे पंतप्रधानांच्या नावाच्या योजनेतला जीवन विमा, २० रुपये म्हणजे अपघात विमा. दोन्हींत मृत्यूनंतर घरच्यांना दोन लाख मिळतात. बँकेत कोणीतरी कधीतरी सही घेतलेली असते आणि घरात कोणालाच माहीत नसतं. माणूस गेल्यावर कोणी मागायला जात नाही, आणि मागितल्याशिवाय कोणी द्यायला येत नाही.

दुसरी पिशवी जुन्या कागदांची. जात पडताळणीला अनुसूचित जातीच्या माणसाकडून १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा किंवा जमिनीचा जुना कागद. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हे कागद पुष्कळदा उर्दूत असतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत गेलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. नातू इंजिनिअरिंगला लागला की मग सगळं घर गावाकडे धावतं. उर्दू वाचणारा माणूस या शहरात शोधायला दूर जावं लागत नाही, त्याच्याकडून भाषांतर करून घ्या आणि मूळ कागदाला जिवापाड जपा. मोबाईलमधल्या डिजिलॉकरमध्ये आधार, मार्कशीट ठेवता येतात आणि ते सरकारी कामाला चालतात, ते जरूर करा. पण आजोबांचा उतारा तिथे आपोआप येणार नाही. त्याच्या झेरॉक्स काढून एक संच दुसऱ्या गावच्या बहिणीकडे ठेवा. घराला आग लागली तर दोन्ही ठिकाणी एकदम लागत नाही.

ही पिशवी माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात ठेवू नका. दाराजवळ खुंटीला, जाड प्लास्टिकमध्ये. आणि घरातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत पाहिजे की ही पिशवी कशाची. काही जण म्हणतील, दाराजवळ ठेवली तर चोर नेईल. चोराला तुमच्या आजोबांचा उतारा काय करायचा? दागिने कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा.

पाण्याबद्दल आपल्या शहरात काय बोलावं! मलिक अंबराने चारशे वर्षांपूर्वी नहर बांधून इथे पाणी आणलं आणि आपण आज जायकवाडीच्या पाण्याची वाट बघतो. पैठणला पंपाची वीज गेली किंवा पाईपलाईन फुटली की नळाचा दिवस आणखी पुढे जातो. त्यामुळे साठवणं तर आपण सगळेच करतो, ते शिकवायची गरज नाही. मी एवढंच सांगते की पिण्याचं दोन दिवसांचं पाणी, माणशी रोज तीन-चार लिटर धरून, वापरायच्या पाण्यापासून वेगळं आणि झाकून ठेवा, आणि नळ आला की ते आधी बदला. आणि ड्रम! डेंग्यूचा डास घाण पाण्यात होत नाही, तुमच्या ड्रमातल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. त्याची अंडी ड्रमाच्या कडेला चिकटतात, ड्रम कोरडा झाला तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. म्हणून नुसता रिकामा करून उपयोग नाही, आठवड्यातून एकदा काथ्याने घासायचा आणि तोंडाला जुनं सुती कापड घट्ट बांधायचं. पाणी नाही म्हणून साठवतो आणि साठवलं म्हणून लेकरू तापाने फणफणतं, हे मी वॉर्डात दरवर्षी बघत आले.

औषधांचं थोडक्यात. बीपीची, साखरेची गोळी चालू असेल त्याच्या गोळ्या आठ दिवसांच्या कायम पुढे असाव्यात. टाळेबंदीत, २०२० साली, पहिल्या आठवड्यात किती जणांच्या गोळ्या संपल्या ते आठवा. गोळीचं नाव कागदावर लिहून ठेवा, "पांढरी गोल गोळी" सांगून डॉक्टरला काही कळत नाही. भाजलं तर वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं, हळद, टूथपेस्ट, शाई काही लावायचं नाही. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, ज्याला चावला त्याला चालवायचं नाही, सरळ दवाखाना. जुलाबाला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. गॅसचा वास आला तर बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन. बाकी कशालाही ११२, आणि दवाखान्याच्या गाडीसाठी १०८. हे तीन आकडे भिंतीवर लिहा.

आणि त्या आकड्यांखाली आपला पत्ता लिहा. हसू नका. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता सांगता येत नाही. मला आला नाही, आणि मी रोज पेशंटच्या नातेवाइकांना पत्ता विचारणारी बाई. कोणत्या कमानीतून आत यायचं, कितवी गल्ली, समोर काय, असं चार ओळींत लिहा. शेजारची आठ वर्षांची पोरगीसुद्धा ते वाचून फोनवर सांगू शकेल असं.

आता एक गोष्ट घराबाहेरची. आपल्या वस्तीत किती म्हातारी माणसं एकटी राहतात? मुलं पुण्याला, मुंबईला, एक-दोघांची तर दुबईला. महिला मंडळाने मागच्या महिन्यात गल्लीगल्लीत फिरून वही केली आहे. कोण एकटं आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोणाच्या मुलाचा नंबर काय. वही विहारात कपाटात आहे. काही जणांनी माहिती द्यायला नकार दिला, म्हणाले आमच्या घरातलं कशाला सगळ्यांना. त्यांचंही खोटं नाही. म्हणून ठरलंय की वही दोघींच्याच ताब्यात राहील, आणि ज्यांना नको त्यांचं नाव लिहायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावण्याचा प्रश्न मात्र वहीने सुटणार नाही. तरुण मंडळाची पोरं इथे मागे उभी आहेत, त्यांनाच सांगते. रात्री दहानंतर एका बाजूच्या गाड्या मैदानात लावा. माझ्या घरासमोर ज्याची गाडी त्या रात्री होती, तो पोरगा मला अजून बघून मान खाली घालतो. त्याने घालू नये. गाडी लावू नको असं त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं.

गल्लीच्या पाट्यांसाठी समितीने वर्गणी काढली आहे, पेंटर आपलाच आहे, फक्त रंगाचे पैसे घेणार आहे.

बराच वेळ घेतला. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर इथेच, याच सतरंजीवर, नॉमिनीचे फॉर्म भरायला बसायचं आहे. बँकेतून निवृत्त झालेले आपले दोन बंधू मदतीला आहेत. येताना पासबुक, आधार कार्ड आणि नॉमिनीची जन्मतारीख घेऊन या. नवरा-बायको दोघांनी यायचं, एकट्याने आलात तर परत पाठवीन. आणि चष्मा विसरू नका, मागच्या वेळी तिघांचं काम त्याच्यामुळेच अडलं होतं.

जय भीम.